श्वान-चापल्य क्रीडा व स्थानिक प्रशिक्षण मंडळे
श्वान-चापल्य क्रीडा : हस्तकाच्या खुणांनुसार कुत्र्याने ठराविक क्रमाने मांडलेले अडथळे कमीत कमी वेळात व निर्दोषपणे पार करण्याचा क्रीडाप्रकार. इंग्रजीत तो ‘डॉग ॲजिलिटी’ या नावाने ओळखला जातो. कुत्र्याला सांभाळून त्याच्याबरोबर धावणाऱ्या व्यक्तीला हस्तक म्हणतात. बहुधा ती कुत्र्याची मालकच असते. स्पर्धेच्या वेळी कुत्र्याला दोरी नसते, हस्तकाला कुत्र्याला किंवा अडथळ्याला स्पर्श करता येत नाही आणि रिंगणात खाऊही नेता येत नाही. आवाज, हातवारे व शरीराची दिशा एवढीच साधने त्याच्या हाती राहतात. या क्रीडेचा उगम ब्रिटनमध्ये १९७८ साली झाला. तिचा प्रसार मोठ्या प्रदर्शनांमुळे झाल्याचे दिसत असले, तरी तिचा खरा आधार गावोगावची लहान श्वान-प्रशिक्षण मंडळे हाच राहिला आहे.

पूर्वपीठिका : कुत्र्यांच्या कामाची परीक्षा घेण्याची प्रथा या क्रीडेहून बरीच जुनी आहे. मेंढपाळ कुत्र्यांची ब्रिटनमधील पहिली नोंदलेली स्पर्धा १८७३ मध्ये वेल्समधील बाला येथे रिचर्ड जॉन लॉइड प्राइस यांनी भरविली. त्याच वर्षी लंडनमध्ये केनेल क्लब या संस्थेची स्थापना झाली. चार्ल्स क्रफ्ट यांनी १८९१ पासून लंडनमध्ये भरविलेले ‘क्रफ्ट्‌स’ हे प्रदर्शन पुढे जगप्रसिद्ध झाले. अशा प्रदर्शनांत मुख्यतः शुद्ध वंश, बांधा व रूप यांचीच पारख होत असे. कुत्रा काय करू शकतो, हा प्रश्न तेथे गौण होता.

पहिल्या महायुद्धानंतर या प्रश्नाला नवे महत्त्व आले. मेंढपाळ, पोलीस व लष्करी कुत्र्यांसाठी १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या संस्थेने कार्यकसोट्या सुरू केल्या. या कसोट्यांत माग काढणे व आज्ञापालन यांबरोबर सरळ उडी (सु. ९० सेंमी.), लांब उडी (सु. २·७५ मी.) व उंच भिंत चढणे (सु. १·८ मी.) यांचा समावेश असे. इंग्लंडमधील या प्रयोगांपासून स्फूर्ती घेऊन हेलन व्हाइटहाउस वॉकर यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मौंट किस्को येथे आज्ञापालनाची स्पर्धा भरविली. त्यात आठ कुत्रे उतरले होते. वॉकर व त्यांच्या सहकारी ब्लांच सॉन्डर्स यांनी मोटारीमागे जोडलेल्या फिरत्या निवासातून अमेरिकाभर हिंडून प्रात्यक्षिके केली आणि ठिकठिकाणच्या हौशी मालकांना शिकविले. पाळीव कुत्र्याच्या सामान्य मालकानेही आठवड्यातून एकदा एकत्र जमून आपल्या कुत्र्याला शिकवावे, ही कल्पना अशा प्रयत्नांतून रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्येही अशी मंडळे वाढीस लागली. त्यांचे वर्ग बहुधा सार्वजनिक सभागृहांत किंवा भाड्याच्या कुरणांवर भरत आणि शिकविणारेही प्रायः विनावेतन काम करणारे जुने सभासद असत.

उगम : १९७७ मध्ये क्रफ्ट्‌स प्रदर्शनाच्या समितीपुढे एक साधी अडचण होती. आज्ञापालनाची अंतिम स्पर्धा व मुख्य निवड यांमधील रिकाम्या वेळात प्रेक्षकांचे रंजन कसे करावे, हा प्रश्न समितीचे सदस्य जॉन व्हार्ली यांच्याकडे सोपविण्यात आला. व्हार्ली यांना घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतींची आवड होती. तशीच शर्यत कुत्र्यांसाठी योजावी, असे त्यांना सुचले. अनुभवी प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्या मदतीने त्यांनी अडथळ्यांची आखणी केली. फेब्रुवारी १९७८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात प्रत्येकी चार कुत्र्यांच्या दोन संघांनी हा खेळ करून दाखविला. प्रेक्षकांचा प्रतिसाद इतका उत्स्फूर्त होता की, वेळ भरून काढण्यासाठी योजलेला कार्यक्रम पुढील वर्षीही ठेवावा लागला.

येथपर्यंतची हकिकत केवळ एका करमणुकीची आहे. तिला क्रीडेचे रूप आले, ते पुढील घटनांमुळे. प्रात्यक्षिक पाहिलेल्या अनेकांनी आपापल्या मंडळात तसेच अडथळे तयार केले आणि १९७९ च्या क्रफ्ट्‌सपर्यंत ब्रिटनमधील कित्येक मंडळे या खेळाचे शिक्षण देऊ लागली होती. डिसेंबर १९७९ मध्ये ऑलिंपिया येथील आंतरराष्ट्रीय अश्वप्रदर्शनात या खेळाची स्पर्धा झाली. केनेल क्लबने १९८० मध्ये नियम तयार करून खेळाला अधिकृत मान्यता दिली. त्यानंतर ‘द ॲजिलिटी क्लब’ ही ब्रिटनमधील या विषयाची पहिली राष्ट्रीय संस्था निघाली. तिचे वार्तापत्र १९८३ मध्ये प्रसिद्ध होऊ लागले.

अडथळे व गुणांकन : प्रमुख अडथळे पुढीलप्रमाणे आहेत : पडदांडी असलेल्या उड्या, लांब उडी, टायरमधून उडी, लवचिक बोगदा, फळीचा उंच पूल, सी-सॉ, ए या इंग्रजी अक्षराच्या आकाराची दुहेरी चढण व नागमोडी खांब. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका फेरीत १५ ते २२ अडथळे असतात. खांबांची संख्या १२ असून त्यांत ६० सेंमी. अंतर ठेवतात, कुत्र्याला पहिल्या खांबाच्या उजवीकडून आत शिरून एकही खांब न चुकविता बाहेर पडावे लागते. पूल, चढण व सी-सॉ यांची टोके वेगळ्या रंगाने रंगविलेली असतात आणि उतरताना कुत्र्याचा निदान एक पंजा त्या भागाला लागणे आवश्यक असते. ही अट दिखाऊ नसून कुत्र्याने उंचावरून खाली झेप घेऊ नये, यासाठी आहे. दांडी पाडणे, रंगीत भाग चुकविणे किंवा अडथळ्यास नकार देणे यांसाठी प्रत्येकी पाच दोष धरतात. तीन नकार किंवा क्रमातील चूक झाल्यास स्पर्धक बाद होतो. अडथळ्यांची मांडणी प्रत्येक वेळी नवी असते. स्पर्धेपूर्वी हस्तकांना कुत्र्याविना ती पायी पाहून लक्षात ठेवावी लागते.

इतर देशांत प्रसार : अमेरिकेत केनेथ टॅश यांनी १९८६ मध्ये ‘युनायटेड स्टेट्‌स डॉग ॲजिलिटी असोसिएशन’ स्थापन केली. तिने ब्रिटिश धर्तीचे उंच अडथळे स्वीकारले आणि सर्व जातींच्या तसेच संकरित कुत्र्यांना प्रवेश दिला. याच सुमारास बड क्रेमर यांनी कमी उंचीचे अडथळे व नियंत्रणावर भर असलेली वेगळी पद्धती तयार केली. अमेरिकन केनेल क्लबने १९९४ मध्ये या स्पर्धा सुरू केल्या. यूरोपात राष्ट्रीय श्वानसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (स्थापना १९११) खेळाचे नियम केले व पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील मॉर्झ येथे झाली.

या प्रसारात एक जुना प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. श्वानसंस्थांचा पाया वंशशुद्धी हा होता, तर चापल्याला वंशावळीची गरज नव्हती. अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांत संकरित कुत्र्यांना २०१० मध्ये प्रवेश मिळाला. स्थानिक मंडळांत मात्र हा भेद फारसा पाळला जात नसे. निराश्रित कुत्र्यांच्या आश्रयगृहातून आणलेला कुत्रा व वंशावळ असलेला कुत्रा एकाच वर्गात शिकत आले आहेत.

प्रशिक्षणपद्धतीतील बदल : १९८० मध्ये बीबीसीवरील मालिकेमुळे बार्बरा वुडहाउस या प्रशिक्षिका ब्रिटनमध्ये घरोघरी परिचित झाल्या. त्यांच्या पद्धतीत दोरीचा व गळ्यातील साखळीचा झटका यांस महत्त्वाचे स्थान होते. आज्ञापालनाच्या जुन्या वर्गांत हेच साधन रूढ होते. चापल्याच्या रिंगणात मात्र दोरीच नसल्याने ते निरुपयोगी ठरले. दहा-पंधरा मीटर अंतरावर धावणाऱ्या कुत्र्याला ओढून आणता येत नाही. त्याने स्वतःहून यावे, अशीच त्याची घडण करावी लागते. धाकाने शिकलेला कुत्रा बिचकतो व संथ होतो, हे घड्याळच दाखवून देते. बी. एफ. स्किनर यांच्या १९३८ मधील ग्रंथात मांडलेली प्रबलनाची तत्त्वे आणि डॉल्फिनांच्या प्रशिक्षिका कॅरन प्रायर यांचे १९८४ मधील पुस्तक यांतील विचार पुढे श्वानप्रशिक्षणात शिरले. योग्य कृती घडताच विशिष्ट आवाजाने तिची नोंद करून खाऊ किंवा खेळणे द्यावयाचे, ही रीत चापल्याच्या वर्गांत विशेष रूढ झाली. या क्रीडेने मालक व कुत्रा यांच्या संबंधात घडविलेला हा सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणता येईल.

नवशिक्याचा प्रवेश : ब्रिटन व अमेरिकेत नवा मालक प्रायः जवळच्या मंडळामार्फत या क्रीडेत येतो. यामागे व्यावहारिक कारणे आहेत. पूर्ण मांडणीस सु. २० × ४० मी. सपाट जागा लागते आणि पूल, चढण व सी-सॉ ही साधने जड, महाग व घरी ठेवण्यास गैरसोयीची असतात. शिवाय इतर कुत्र्यांच्या सान्निध्यात लक्ष न विचलू देणे, ही गोष्ट घरच्या अंगणात शिकविता येत नाही. बहुतेक मंडळे प्रथम प्राथमिक आज्ञापालन अपेक्षितात : हाकेस येणे, जागीच थांबणे व इतर कुत्र्यांवर न धावणे. ब्रिटनमध्ये केनेल क्लबने १९९२ मध्ये सुरू केलेली ‘गुड सिटिझन’ योजना ही अशी पूर्वतयारी करून देणारी ठरली.

त्यानंतरचा क्रम सामान्यतः असा असतो : जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांमधून चालणे, आखूड व सरळ केलेला बोगदा, जमिनीलगतची फळी आणि शेवटी पूर्ण उंचीची साधने. सी-सॉचा हलणारा व आपटणारा भाग कुत्र्याला भीतिदायक वाटत असल्याने तो टप्प्याटप्प्याने शिकवितात. पिल्लांना उंच उड्या वर्ज्य असतात. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या मिटेपर्यंत त्यांवर ताण पडू नये, हा त्यामागील हेतू होय. जातीनुसार या चकत्या सर्वसाधारणपणे एक ते दीड वर्षाच्या वयापर्यंत मिटतात, मोठ्या जातींत थोड्या उशिराही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी १८ महिने व अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांसाठी १५ महिने अशी किमान वयोमर्यादा ठरली. चांगल्या मंडळाची ओळख त्याने जिंकलेल्या ढालींपेक्षा त्याच्या वर्गाच्या आटोपशीरपणावरून, न घसरणाऱ्या जमिनीवरून व थकलेल्या कुत्र्याला वेळीच थांबविण्याच्या शिस्तीवरून पटते.

सुरक्षितता : आरंभीच्या ब्रिटिश नियमांत मोठ्या कुत्र्यांसाठी उडीची उंची ७६ सेंमी. होती. वेग वाढला, तसे सांध्यांवरील व पाठीच्या कण्यावरील आघात चर्चेत आले आणि ही उंची पुढे ६५ व नंतर ६० सेंमी.पर्यंत खाली आणण्यात आली. कुत्र्यांच्या उंचीनुसार गटही वाढविण्यात आले. टायर धडक बसताच उघडेल असा करण्यात आला; चढण व पूल यांच्या गुळगुळीत रंगविलेल्या पृष्ठभागांऐवजी रबरी दाण्यांचे लेपन आले. कापडी नळीचा बंद बोगदा कुत्रे गुरफटून जखमी होत असल्याने अमेरिकन केनेल क्लबने २०१६ मध्ये वगळला व इतर संस्थांनीही त्याचा त्याग केला. प्रेक्षकांना थरारक वाटणारी गोष्ट कुत्र्याला हितकर असतेच असे नाही, याची ही हळूहळू झालेली जाणीव होय.

भारतातील स्थिती : भारतात कुत्र्यांना अडथळे पार करण्यास शिकविणे हा प्रामुख्याने सैन्य व पोलीस दलांच्या प्रशिक्षणाचा भाग राहिला आहे. मीरत येथील रिमाउंट व व्हेटरिनरी कोअरचे केंद्र आणि ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाने १९७० मध्ये स्थापन केलेले श्वान-प्रशिक्षण केंद्र ही त्यांतील प्रमुख होत. तेथील सरावाचा हेतू सेवाकार्य हा असून स्पर्धा किंवा रंजन हा नव्हे.

रिकामा वेळ भरून काढण्यासाठी सुचलेली एक कल्पना अल्पकाळात अनेक देशांत पोहोचली, याचे श्रेय भव्य सभागृहांइतकेच आठवड्याच्या ठराविक संध्याकाळी अडथळे मांडणाऱ्या व रात्री ते पुन्हा आवरून ठेवणाऱ्या सभासदांना द्यावे लागते. त्यांच्या वर्गांत येणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुसंख्य कधीच स्पर्धेत उतरत नाहीत. परंतु मालकाची खूण ओळखणारा, बोलावताच येणारा व श्रमून शांत झालेला कुत्रा घरी परत जातो, हेच या मंडळांच्या कार्याचे खरे फलित होय.