बोट आणि तार

परळचें केईएम रुग्णालय सन १९२६ मध्यें उघडलें. त्याला जोडलेल्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीदारांची अट अशी होती कीं, तेथील अध्यापक हिंदी असावेत. भोंवतीं लालबाग-परळच्या गिरण्या आणि चाळी होत्या. दाटीच्या वस्तींत मुलांचे घसे बिघडतात, त्यांतून संधिज्वर जडतो, आणि पुढें हृदयाची झडप आकसते. १९५० नंतरच्या दशकांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं येथें अशा झडपांवर शस्त्रक्रिया केल्या. धडधडत्या हृदयाच्या डाव्या कप्प्यांत बोट घालावयाचें आणि न दिसणारी झडप केवळ स्पर्शानें मोकळी करावयाची! लंडनच्या हेन्री सूटार यांनीं १९२५ मध्यें ही वाट प्रथम चोखाळली होती. पुढें फेब्रुवारी १९६८ मध्यें सेन यांनीं परळला हृदयारोपणही केलें; रुग्ण कांहीं तासच जगला.

या सर्व उपायांना छाती उघडावी लागे. वृद्ध व क्षीण रुग्णांना तेंच सोसत नसे. त्यांच्यासाठीं जांघेंतील रक्तवाहिनींतून तार सरकविण्याची युक्ति निघाली. ब्युनॉस आयरिसच्या हुआन पारोदी यांनीं १९९० मध्यें फुगलेल्या महारोहिणीला आंतून कापडी अस्तर बसविलें. फ्रान्समध्यें आलँ क्रिबिए यांनीं २००२ मध्यें, शल्यवैद्यांनीं नाकारलेल्या एका रुग्णाच्या हृदयांत याच रीतीनें झडप बसविली.

परंतु झडप अरुंद आणि महारोहिणीवर फुगा, असे दोन्ही विकार एकाच देहांत असले तर? आधीं फुग्याचा उपाय करावा, तर अरुंद झडपेमागचें हृदय रक्तदाबाचा चढउतार सोसत नाहीं. आधीं झडप बदलावी, तर मधल्या काळांत फुगा फुटण्याची भीति. दोन्ही कामें एकाच बैठकीस केलीं, तर भूल एकदांच द्यावी लागते. पण वेळ लांबतो, आणि क्ष-किरणांत वाहिन्या दिसाव्या म्हणून दिलेलें औषध थकलेल्या मूत्रपिंडांना जड जातें. म्हणून हृदयाचे, रोहिण्यांचे व भुलीचे वैद्य एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा हिशेब निराळा मांडतात.

सेन यांच्या बोटाला झडप दिसत नव्हती. आज तार कोठें पोंचली तें पडद्यावर दिसतें. छेदही लहान झाला आहे. तरी या माणसाला काय सोसेल, हें शस्त्र उचलण्यापूर्वींच ठरवावें लागतें. परळला तेव्हांही तें तसेंच ठरवावें लागे.