बंद पडलेल्या वायरलेस बेलमधला रेडिओ रिसीव्हर कसा ओळखायचा, कसा तपासायचा?

वायरलेस डोअरबेल बंद पडली की थेट भंगारात जाते. पण तिच्यातली ती छोटी, चार पायांची हिरवी पट्टी अनेकदा धडधाकट असते. रिमोटचा सिग्नल पकडणारा रेडिओ रिसीव्हर तो हाच. अडचण एवढीच, की त्यावर ना कंपनीचं नाव असतं, ना पायांची नावं.

आधी जीव सांभाळा

थेट प्लगमध्ये बसणाऱ्या स्वस्त बेलमध्ये बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो, व्होल्टेज कपॅसिटरमधून उतरवलेलं असतं. अशा वेळी आतल्या ५ व्होल्टच्या तारेलाही हात लागला तर २३० व्होल्टचा झटका बसू शकतो. त्यामुळे बेल प्लगमध्ये असताना काहीही तपासायचं नाही. ती काढून, थोडं थांबून मॉड्यूल डिसोल्डर करायचं. पुढचं सगळं बॅटरीवर.

फ्रिक्वेन्सी कोणती?

भारतात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे, म्हणून पहिला अंदाज ४३३.९२ चा. बोर्डवर क्रिस्टल असेल तर त्यावरचा आकडा बघायचा: ६.७४५८ असेल तर साधारणपणे ४३३.९२, ४.८९७ असेल तर ३१५ मेगाहर्ट्झ. क्रिस्टल नाही, नुसती तांब्याची कॉइल आणि 'एलएम३५८' चिप आहे? मग तो सुपररिजनरेटिव्ह रिसीव्हर. त्याच्यावर फ्रिक्वेन्सी लिहिलेलीच नसते. अशा वेळी रिमोट उघडावा. आतल्या धातूच्या डबीवर बहुधा '४३३' किंवा '३१५' छापलेलं सापडतं.

पाय कोणते?

एलएम३५८ इथे मदतीला येते. तिचा ४ नंबरचा पाय ग्राउंड, ८ नंबरचा सप्लाय. मल्टिमीटरच्या बीपवर हे दोन बाहेरच्या कोणत्या पायांना जोडलेत ते कळतं. उरलेले मधले दोन सहसा एकमेकांना जोडलेले असतात, तो डेटा.

चाचणी

तीन पेन्सिल सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट, आणि सप्लायच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर. त्याच्या दोन टोकांवर ०.५ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बोर्ड ५ मिलिअँपिअर घेतोय, ठीक आहे. २ व्होल्टच्या वर गेलं तर लगेच सेल काढावेत. अँटेनासाठी १७ सेंटिमीटर तार पुरते (३१५ साठी २४).

डेटाचा पाय १०० किलोओहम रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटरमधून स्पीकरच्या ऑक्स इनपुटला, ग्राउंड ग्राउंडला, आवाज कमी ठेवून. सुपररिजनरेटिव्ह बोर्ड सतत खरखरतो. अनेकजण इथेच तो बिघडलाय असं समजून फेकतात, पण ही खरखर चांगली खूण आहे. रिमोट दाबल्यावर तिच्या जागी ठरावीक लयीचा गुंजारव आला, की मॉड्यूल चालू.

खरखर आहे, पण रिमोटला प्रतिसाद नाही? कॉइलमधला स्क्रू किंचित फिरवून बघावा, तोही प्लास्टिकच्या काडीनेच. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला तरी फ्रिक्वेन्सी सरकते.