लेखनसीमा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाशिकच्या जुन्या पेठेतून हिंडावे. एखाद्या दुकानात चौरंगावर लाल पुठ्ठ्याची वही अजूनही दिसते. पहिल्या पानावर ‘श्री’, त्यावर हळदकुंकू, आणि पुढची सगळी पाने कोरी. त्या कोऱ्या पानांचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. वर्षभरात किती लिहिले जाणार हे कोणालाच ठाऊक नसते. पण वही बांधणाऱ्याला पाने मात्र आजच मोजावी लागतात. वाढत जाणाऱ्या मजकुराला जागा द्यावी तरी किती? प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. परंतु मोडीतले कारकून, पेढीवरचे मुनीम आणि संगणकाच्या पोटात अक्षरे मांडण्यात ज्याची हयात गेली तो मी, अशा सर्वांनाच त्याने सारखे छळले आहे.

मुनिमाने आपल्यापुरता तोडगा काढला होता. खतावणीत प्रत्येक कुळाला चार-दोन पाने नेमून द्यायची. एखाद्याची उलाढाल वाढून पाने संपली, की तळाशी ‘पुढे पान 87’ असे लिहायचे आणि 87 व्या पानावर मागच्या पानाचा आकडा टाकायचा. खाते सलग राहत नाही, शोधताना पाने उलटावी लागतात. परंतु शेजारच्या कुळाच्या पानावर कोणी चढत नाही.

मराठी दप्तरातल्या कारकुनाची रीत याहून निराळी. कागद लांबट, उभे. मजकूर संपत नसला, की खाली दुसरा कागद डकवायचा. पण डकवलेला कागद मधूनच काढून भलताच घुसडला तर? म्हणून सांध्याच्या पाठीवर शिक्का उठवीत. अर्धा ठसा या कागदावर, अर्धा त्या. आणि मजकूर जिथे संपे तिथे मोर्तब. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा आढळते. पुढे ‘लेखनसीमा’ हे शब्दही शिक्क्यात आले. अर्थ एकच, की मजकूर इथे संपला. याच्या खाली कोणी काही लिहिले असेल तर ते आमचे नव्हे.

ही खबरदारी कशासाठी, हे नाशिककरांना सांगायला नको. गावापासून जवळच गोदेकाठी आनंदवल्ली आहे. राघोबादादांचा तिथे मुक्काम असे आणि गावाच्या नावाचा संबंध आनंदीबाईंशी जोडतात. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आदेशातल्या ‘धरावे’चे कोणीतरी ‘मारावे’ केले, ही त्याची आख्यायिका. ती खरी की खोटी हा वाद इतिहासकारांचा. परंतु एका अक्षरावर दुसरे अक्षर चढले तर माणूस जीवानिशी जातो, हे भय तिच्या रूपाने लोकांच्या मनात घर करून बसले आहे.

आता थोडे दूर जाऊ. 1972 च्या सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ ही संगणकभाषा घडवली. त्या काळच्या यंत्रांत स्मृती अगदी तुटपुंजी. ती म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या खणांची लांबच लांब ओळ, असे समजा. शब्द ठेवायचा तर अक्षरे ओळीने खणांत भरायची आणि शेवटच्या अक्षरापुढच्या खणात शून्य ठेवायचे. ते शून्य म्हणजे लेखनसीमा! ‘मुंबई’ असो की ‘इगतपुरी’, शून्य दिसले की शब्द संपला. रीत साधी, काटकसरीची.

मात्र एक उणीव राहिली. शब्द कुठे संपला हे शून्य सांगते. जागा कुठे संपली हे कोणीच सांगत नाही. दहा खण राखून ठेवले आणि पंधरा अक्षरे आली, तर यंत्र निमूटपणे पुढचे पाच खण वापरते. ते खण दुसऱ्या कोणाचे असतात. पानाची कड ओलांडून लेखणी शेजारच्या खात्यात शिरली, तरी मुनिमाला पत्ता नाही!

हे मी स्वतः भोगले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका संस्थेसाठी निवृत्तिवेतनाची यादी छापणारा प्रोग्राम मी लिहिला. प्रत्येक नावाला तीस खण दिले आणि त्यांना लागूनच रकमेचे खण ठेवले. रक्कम आधी भरली जाई, नाव मागाहून. एका वृद्ध बाईंचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव मिळून तीस खणांत मावले नाही. शेपटाची अक्षरे रकमेच्या खणांत उतरली आणि यादीत भलताच आकडा छापला गेला. त्यांचे पैसे अडले. त्या तीनदा खेटे घालून गेल्या. “बाई, यंत्र चुकत नाही,” असे त्यांना सांगितले गेले. त्यात माझाही आवाज होता, हे आज लिहितानाही खाली पाहावेसे वाटते. यंत्र चुकले नव्हतेच. चूक माझी होती.

जगालाही याची किंमत मोजावी लागली. 2 नोव्हेंबर 1988 रोजी एका अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम संगणकांच्या जाळ्यातून पसरत गेला आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. त्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक हीच होती. 512 खणांच्या जागेत 536 खणांचा मजकूर घुसवायचा आणि ओसंडलेल्या भागातून यंत्राला आपल्या मनासारखे वागवायचे. जागा न विचारता मजकूर आत घेणारी ‘गेट्स’ नावाची आज्ञा त्याला कारण होती. ती ‘सी’च्या प्रमाणग्रंथातून वगळली गेली 2011 साली!

यावर शहाण्यांनी काढलेला उपाय मुनिमाला सहज पटला असता. प्रत्येक मजकुराबरोबर तीन गोष्टी टिपून ठेवायच्या: तो कुठे आहे, किती लिहिला आहे आणि एकूण जागा किती आहे. नवे अक्षर लिहिण्यापूर्वी उरलेली जागा पाहायची आणि शेवटच्या शून्यासाठी एक खण राखायचा. जागा पुरत नसेल तर मोठी वही आणून सगळे तिच्यात उतरवायचे. या उतरवण्याला ‘सी’मध्ये ‘रीअ‍ॅलॉक’ नावाची आज्ञा आहे.

मग मोठी म्हणजे किती मोठी? इथे मौज आहे. एका खणापासून सुरुवात करून दर वेळी एकच खण वाढवला आणि दर वेळी सारे उतरवावे लागले, तर हजार अक्षरे होईपर्यंत 4,99,500 अक्षरे उतरावी लागतात. तेच दर वेळी जागा दुप्पट केली, तर अवघी 1,023! थोडी जागा रिकामी पडते खरी, पण श्रम किती वाचतात पाहा.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. मजकूर नव्या जागी गेला, की जुना पत्ता धरून बसू नये. तिथे आता दुसरेच बिऱ्हाड असेल. आणि नवी वही हाती आल्यावाचून जुनीचा पत्ता पुसू नये. कधीकधी नवी जागा मिळत नाही. तेव्हा दोन्ही गमावण्याची पाळी येते.

आपल्या भाषेत तर अधिकच सावध राहावे. रोमन लिपीत ‘नाशिक’ला सहा खण लागतात, वर शून्याचा सातवा. यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतीत देवनागरी ‘नाशिक’ पंधरा खण घेते आणि शून्याचा सोळावा. परक्या मापाने शिवलेला अंगरखा आपल्याला आखूडच व्हायचा!

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो. आमच्या उपाध्यायांनी जुनी वही उघडली. पणजोबांची मोडी सही, खाली आजोबांची, खाली वडिलांची. शेजारच्या पानावर मात्र दुसऱ्या एका घराण्याची नावे समासात, एकमेकांवर दाटीने चढलेली. मी विचारले, “गुरुजी, हे असे का?”

“त्यांच्याकडे माणसे वाढली आणि आमच्या आजोबांनी जागा राखली नव्हती,” ते म्हणाले. “आता नव्या वहीत उतरवून घेतो आहे. तुम्ही इथे सही करा.”

मी सही केली. गुरुजींनी तिच्याखाली हाताने माप घेऊन वीतभर कोरी जागा सोडली आणि मगच पुढच्या घराण्यासाठी रेघ ओढली.