प्रा. काल्मन आणि अडलेली आगगाडी

१९५८ च्या नोव्हेंबरअखेरीस प्रिन्स्टनहून बाल्टिमोरला निघालेली एक आगगाडी रात्री अकराच्या सुमारास शहराबाहेर तासभर अडून राहिली. गाडीत अठ्ठावीस वर्षांचे एक संशोधक होते. थकलेले, डोके दुखत असलेले. त्या सक्तीच्या तासात आपल्याला काय सुचले, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे.

हे रुडॉल्फ काल्मन. जन्म १९३० साली बुडापेस्टला. वडील विद्युत अभियंते. युद्धकाळात कुटुंब अमेरिकेत आले. एम. आय. टी.मध्ये १९५४ पर्यंत दोन पदव्या आणि १९५७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात रॅगाझिनी यांच्या हाताखाली डॉक्टरेट, असा त्यांचा विद्याक्रम. प्राध्यापकी पुढे स्टॅनफर्ड, फ्लॉरिडा व झुरिच येथे झाली. २०१६ मध्ये ते निवर्तले.

तोवरचे नियंत्रणशास्त्र यंत्राकडे बहुधा बंद पेटीसारखे पाही : आत काय घातले, बाहेर काय आले. काल्मन विचारीत, या क्षणी पेटीच्या आतली स्थिती काय? आणि बाहेर दिसते तेवढ्यावरून ती ओळखता येईल का? १९६० च्या मॉस्को परिषदेत त्यांनी हेच प्रश्न गणिताच्या भाषेत मांडले.

गाडीत सुचले ते असे : गोंगाटातून खरा संदेश निवडण्याची नॉर्बर्ट वीनर यांची जी युद्धकाळातील रीत, तिला ही ‘स्थिती’ची कल्पना का लावू नये? आपल्या पंचांगकर्त्यांच्या भाषेत हा गणित आणि वेध यांचा मेळ. आधी गणिताने अदमास बांधायचा, मग वेध घ्यायचा. अंतर पडले तर ज्याचा भरवसा अधिक, त्याच्याकडे त्या मानाने झुकायचे. खुबी अशी की, जुने वेध साठवावे लागत नाहीत. मागचा अदमास आणि तो कितपत चुकीचा असू शकेल याचा हिशेब, एवढे जवळ असले की पुरे.

विद्युत अभियंत्यांना हे पटण्याची चिन्हे नव्हती. म्हणून १९६० चा तो निबंध यांत्रिकी अभियंत्यांच्या नियतकालिकात गेला. त्याच वर्षी नासाच्या एम्स केंद्रातील स्टॅन्ली श्मिट यांनी ती कल्पना उचलली. चंद्राकडे जाणारा मार्ग वक्र आणि काल्मन यांची समीकरणे रेषीय. श्मिट यांनी अदमासाभोवतीचा लहानसा तुकडा सरळ धरून दोहोंची सांगड घातली. या माणसाचे नाव आपण फारच कमी घेतो, असे मला वाटते. अपोलोच्या संगणकात पुसून पुन्हा लिहिता येईल अशी जागा होती अवघ्या २,०४८ शब्दांची. जुने वेध ठेवणार कोठे? १९६९ च्या जुलैत चंद्राकडे गेलेले यान आपला ठावठिकाणा याच धर्तीच्या गणिताने अजमावीत होते.