आफ्रिकेतील कॅथलिक मिशने : निधी व उत्पन्न

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेत उभ्या राहिलेल्या कॅथलिक मिशनांचा खर्च मुख्यतः युरोपातील सामान्य भाविकांच्या वर्गणीवर चाले. त्यापूर्वी पोर्तुगीज मुलखात ‘पाद्रोआदो’ पद्धतीने हा भार राजसत्तेकडे असे. १७५२ पर्यंत ज्याचा कारभार गोव्यातून चाले, ते मोझांबिक याचे उदाहरण.

वर्गणीच्या पद्धतीचा पाया फ्रान्समधील लियाँ या रेशमी कापडाच्या शहरात पडला. पोलिन झारिको (१७९९–१८६२) या तरुणीने कामगार स्त्रियांकडून आठवड्याला माणशी एक सू, म्हणजे फ्रँकचा विसावा हिस्सा, गोळा करायला सुरुवात केली. दहाजणांमागे एक वसुली करणारा, अशा दहा गटांवर दुसरा, त्याच्याही वर तिसरा. या साखळीतूनच ३ मे १८२२ रोजी श्रद्धाप्रसार संस्था स्थापन झाली. दर दहाजणांत तिच्या मुखपत्राचा एक अंक हातोहात फिरे. त्यात मिशनऱ्यांची पत्रे छापली जात. पैसा कोणाच्या खिशातून येतो हे पत्रलेखकाला पक्के ठाऊक असे, तेव्हा ती पत्रे जरा जपूनच वाचावी लागतात.

नान्सीचे बिशप फॉर्बँ-झान्सों यांनी १८४३ मध्ये काढलेल्या ‘पवित्र बाल्य’ संस्थेचे वर्गणीदार मुलेच होती. त्यांची वर्गणी महिन्याला एक सू. आरंभी चीनसाठी असलेला हा पैसा पुढे आफ्रिकेतील गुलाम मुले विकत घेऊन सोडवण्याकडेही वळला. बागामोयो (आजचा टांझानिया) येथे १८६८ मध्ये होली घोस्ट फादरांनी मिशन वसवले. तिथे ही मुले शिकत आणि मळ्यात राबत. वर्गणीतून सुटलेले मूल असे मिशनच्या उत्पन्नातही भर घाली.

कार्डिनल लाविजरी यांनी १८८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध युरोपभर मोहीम काढली. पाठोपाठ १८९० मध्ये पोप तेरावे लिओ यांनी एपिफनीच्या सणाला चर्चमध्ये आफ्रिकेतील मिशनांसाठी दरवर्षी दानफेरी काढण्याचा आदेश दिला.

वसाहती सरकारांनी रोख पैशाऐवजी बहुधा जमीन दिली. १९०० च्या बुगांडा करारात तीन मिशनांना (त्यांपैकी एक प्रॉटेस्टंट) मिळून ९२ चौरस मैल मिळाले. काँगोत १९०६ च्या करारान्वये शाळा चालवण्याच्या अटीवर प्रत्येक मिशनठाण्याला १०० ते २०० हेक्टर जमीन कायमची मिळू लागली. तेथील जेझुइटांची ‘शेत-चॅपेले’ (प्रार्थनागृहाला जोडलेल्या शेतवस्त्या) मुलांच्याच कष्टावर चालत. काँगोच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या १९०५ च्या आयोगाने त्यांवर ताशेरे ओढले होते.