हार्डकोअर पंक

पंक-रॉकमधून निघालेला, अधिक वेगवान व आक्रमक संगीतप्रकार. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत आकाराला आला. गायक, गिटार, बेस आणि ड्रम एवढ्यावर बँड उभा राहतो. गाणी बहुधा एक-दोन मिनिटांची, गायन आरोळीसारखे असते.

बँड जमतो तो बहुतेकदा मित्रांच्या टोळक्यातून. वॉशिंग्टनमधील ‘टीन आयडल्स’ या शाळकरी मित्रांच्या बँडने कार्यक्रमांचे पैसे न वाटता साठवले. १९८० मध्ये बँड मोडल्यावर त्याच शिलकीतून तबकडी निघाली. तिची आवरणे मित्रांनी हाताने कापून, घडी घालून चिकटवली. या तबकडीसाठी ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ ही संस्था सुरू झाली. ‘टीन आयडल्स’मधील इयन मकाय व जेफ नेल्सन यांनी त्याच वर्षी ‘मायनर थ्रेट’ हा बँड काढला. त्याचे व्यसनमुक्त जगण्याचा पुरस्कार करणारे ‘स्ट्रेट एज’ हे गाणे मिनिटभराचेही नाही. मात्र त्या नावाने पुढे चळवळच उभी राहिली.

महाराष्ट्रात या परंपरेचे केंद्र मुंबई असून ‘डेथ बाय फंगाय’ हा तेथील उल्लेखनीय हार्डकोअर बँड होय. नांदेड-लातूरच्या तरुणांनाही हा मार्ग खुला आहे. कारण हार्डकोअरला वाद्यनैपुण्यापेक्षा सांगण्याची निकड आणि एकमेकांची साथ अधिक मोलाची वाटते.