विणणे

विणणे (सकर्मक क्रियापद) : उभ्या तंतूंमधून आडवा तंतू एकाआड एक खालून-वरून नेत वस्त्र सिद्ध करणे, इंग्रजी 'वीव्ह'चा प्रतिशब्द. उभे सूत तो ताणा, आडवे तो बाणा, आणि बाण्याचे सूत पोटात घेऊन ताण्यातून ये-जा करतो तो धोटा. बाज, चटई, टोपली यांनाही हेच क्रियापद लागते. सुयांवरच्या स्वेटरास ना माग असतो ना ताणा, तरी मराठी तोही विणते. इंग्रजीला मात्र तेथे 'निट' हा निराळा शब्द घ्यावा लागतो.

व्युत्पत्तीचे मूळ संस्कृत 'वे' (वयति) या धातूत आहे. प्राकृतातून त्याचीच रूपे मराठीत 'विणणे', हिंदीत 'बुनना' झाली. या धातूचे भूतकृदन्त 'उत'. त्यास 'आ' आणि 'प्र' हे उपसर्ग लागून 'ओत' व 'प्रोत' सिद्ध होतात. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यास, हे सर्व कशात ओतप्रोत आहे, असे विचारते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे विणले जाणारे वस्त्र असते. आपण मात्र 'ओतणे'शी नाते कल्पून काठोकाठ भरलेले भांडे पाहतो, आणि एवढी सुंदर प्रतिमा हातची घालवितो.

इंग्रजी 'वीव्ह' हा शब्द प्राचीन इंग्रजीतील 'वेफन'पासून आला. जर्मन 'वेबेन' त्याचा सख्खा भाऊ, तर कोळ्याचे वैदिक नाव 'ऊर्णवाभि', म्हणजे लोकर विणणारा, हा दूरचा आप्त. गर्दीतून वळणे घेत जाणे या अर्थाचा 'वीव्ह' मात्र बहुधा प्राचीन नॉर्सकडून आलेला, केवळ रूपाने सारखा असा परका शब्द होय. मराठीतही कापडाची वीण आणि गाईम्हशींची वीण यांचा असाच केवळ रूपाचा संबंध. दुसरी 'विणे, व्याणे' या प्रसववाचक क्रियापदांकडची.

'विणणे' या शब्दाचा व्यवहार पाहावा तो तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात. खानदेश सुभ्याच्या या राजधानीत सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने, येथील तलम, सोन्यारुप्याच्या तारांचे कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत रवाना होत असल्याचे लिहून ठेवले आहे. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतरच्या तहाने शहर पेशव्यांच्या अमलात आले, आणि पुढे ते शिंद्यांकडे गेले. आज तेथे हातमागाची जागा बहुतांशी यंत्रमागाने घेतली आहे. परंतु मोमीन विणकर 'बुनना' म्हणतो, त्याचा मराठी शेजारी 'विणणे' म्हणतो, आणि ताणा-बाणा हे शब्द दोघांच्याही तोंडी थोड्याफार फरकाने तेच आहेत.